उष्णतेचा सामुदायिक पुरवठा आणि नगरपालिका : ग्वाल्हेरच्या निमित्ताने एक अभ्यास

पाणीपुरवठा, दिवाबत्ती, रस्ते व मलनिस्सारण ही नगरपालिकेची कामे आहेत, हे आज कोणास सांगावे लागत नाही. ऊब पुरविणे हेही नगरपालिकेचे काम आहे, असे कोणी म्हटले तर मात्र ऐकणारा चमकल्यावाचून राहणार नाही. आपल्या देशात उन्हाची वाण नाही. तेव्हा उष्णता विकत घ्यावी व नळातून आणावी, हा विचारच आपणांस परका वाटतो. परंतु उत्तर भारतातील अनेक नगरपालिका हे काम आजही करीत आहेत. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की, रेल्वेस्थानक, बसस्थानक, रुग्णालये व मुख्य चौक या ठिकाणी नगरपालिकेच्या वतीने लाकडे टाकली जातात व रात्री शेकोट्या पेटविल्या जातात. तिकडे त्यांना ‘अलाव’ म्हणतात. ग्वाल्हेर महानगरपालिकाही यास अपवाद नाही.

या शेकोटीस सार्वजनिक उष्णता-पुरवठ्याचा सर्वांत प्राथमिक प्रकार म्हणावयास हरकत नाही. येथे इंधन सार्वजनिक निधीतून येते, लाभ सर्वांस खुला असतो आणि त्याची सर्वाधिक गरज ज्यास असते तोच त्याच्याजवळ येतो. उणीव आहे ती पद्धतीची. उघड्यावर जळणाऱ्या लाकडाची बहुतेक उष्णता आकाशात जाते, अंगाची एक बाजू शेकते व दुसरी गारठते, आणि धूर मात्र सर्वांच्या वाट्यास येतो. हेच काम अधिक सुबकपणे, कमी खर्चात व हवा न बिघडविता करता येईल काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ग्वाल्हेरची थंडी

ग्वाल्हेर हे मराठी वाचकास अपरिचित शहर नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेस पडला आणि त्या तळाचेच पुढे ‘लष्कर’ नावाचे शहर झाले. लष्कर, जुने ग्वाल्हेर व मुरार या तीन वस्त्या मिळून आजचे महानगर बनले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक होती.

हे शहर कर्कवृत्ताच्या उत्तरेस असून समुद्रापासून फार दूर आहे. त्यामुळे तेथील हवामान दोन्ही टोकांना जाणारे आहे. मे-जून महिन्यांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर चढतो, तर जानेवारीतील काही रात्री तो पाच अंशांच्या खाली उतरतो. त्यात दाट धुके पडले की दिवसाही सूर्य दिसत नाही. पक्क्या घरात रजई घेऊन बसणाऱ्यास ही थंडी सुखाची वाटेल; परंतु रिक्षात रात्र काढणारा चालक, परगावाहून आलेला मजूर, रुग्णालयाच्या आवारात चादर पसरून निजणारा रुग्णाचा नातेवाईक यांच्या दृष्टीने हा प्रश्न जिवाचा असतो.

घराच्या आतही धोका टळत नाही. खोलीची दारे-खिडक्या बंद करून आत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्याने माणसे दगावल्याच्या वार्ता उत्तर भारतात दर हिवाळ्यात वाचावयास मिळतात. यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. कोंदट जागेत प्राणवायू कमी पडू लागला की कोळसा पुरता जळत नाही व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्यास रंग नाही व वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याचा संयोग प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी सहज होतो. परिणामी माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. उठून दार उघडण्याचे भानही त्यास राहत नाही. ऊब मिळविण्याचा सुरक्षित मार्ग उपलब्ध नसेल, तर गरीब मनुष्य असुरक्षित मार्ग पत्करतो, हा यातील बोध होय.

हवेची शुद्धता हा याच प्रश्नाचा तिसरा पैलू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीत हवेतील सूक्ष्म धूलिकणांच्या प्रमाणात ग्वाल्हेरचे नाव जगातील शहरांत दुसऱ्या क्रमांकावर होते. पुढे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची मानके न गाठलेल्या शहरांमध्येही त्याचा समावेश झाला. या धुळीस रस्ते, वाहने व बांधकामे अशी अनेक कारणे आहेत. तथापि हिवाळ्यात जळणारे लाकूड, कोळसा, गोवऱ्या व कचरा हे त्यांतील एक कारण निश्चितच आहे.

सामुदायिक उष्णता-पुरवठा म्हणजे काय?

यातील कल्पना साधी आहे. प्रत्येक घरात वेगळी शेगडी पेटविण्याऐवजी एका ठिकाणी पाणी तापवावयाचे किंवा वाफ तयार करावयाची आणि उष्णतारोधक आवरण घातलेल्या नळांतून ती इमारतींपर्यंत न्यावयाची. इमारतीस उष्णता देऊन थंड झालेले पाणी दुसऱ्या नळाने परत येते व पुन्हा तापविले जाते. जाणारा एक नळ व येणारा एक नळ, असे हे चक्र अखंड चालू राहते. किती उष्णता वापरली याची मोजणी मापकाने होते व त्याप्रमाणे आकारणी केली जाते.

या व्यवस्थेचा मुख्य लाभ असा की, घरोघरच्या शेगडीत जे इंधन वापरता येत नाही ते मोठ्या केंद्रात वापरता येते. कचरा, शेण, सांडपाण्यातील गाळ, कारखान्यात वाया जाणारी वाफ, भूगर्भातील गरम पाणी, सूर्याची उष्णता यांपैकी काहीही चालते. पुढे इंधन बदलावयाचे ठरले, तर केवळ केंद्रात बदल करावा लागतो. हजारो घरांतील साधने बदलावी लागत नाहीत. वातावरणात कमीत कमी कर्बवायू सोडून उष्णता पुरविण्याच्या प्रयत्नांत या पद्धतीस आज जे महत्त्व आले आहे, ते यामुळेच.

आधुनिक काळातील अशी पहिली यशस्वी व्यावसायिक योजना बर्डसिल हॉली या अभियंत्याने अमेरिकेतील लॉकपोर्ट या गावी १८७७ मध्ये सुरू केली. परंतु नगरपालिकेच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे ते डेन्मार्कमधील फ्रेडरिक्सबर्ग या नगराचे उदाहरण. कोपनहेगनने वेढलेल्या या छोट्या नगरपालिकेपुढे विसाव्या शतकाच्या आरंभी कचरा कोठे टाकावा हा प्रश्न उभा राहिला. तिने कचरा जाळण्याची भट्टी बांधली आणि १९०३ पासून त्या भट्टीची उष्णता भुयारी नळांतून पुरविण्यास प्रारंभ केला. पहिले ग्राहक कोण होते? एक रुग्णालय, एक बालकाश्रम व एक अनाथ-अपंगांचे गरीबगृह.

आइसलँडची राजधानी रेक्याविक येथेही हेच घडले. शहराजवळ गरम पाण्याचे झरे होते. स्त्रिया तेथे कपडे धुण्यास जात. १९३० मध्ये तेथील पाणी सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या नळाने शहरात आणण्यात आले. ते प्रथम शाळा, जलतरण-गृह व रुग्णालय यांस देण्यात आले आणि त्यांच्याबरोबर काही थोड्या घरांना. आज जवळजवळ संपूर्ण शहर भूगर्भातील उष्णतेवर ऊब मिळविते.

लंडनमधील इझलिंग्टन या नगर-परिषदेने २०१२ मध्ये बनहिल येथे स्वतःच्या मालकीचे उष्णता-केंद्र सुरू केले व नगर-परिषदेच्या घरांच्या वसाहती त्यास जोडल्या. २०२० मध्ये भुयारी रेल्वेच्या वायुवीजन-मार्गातून बाहेर पडणारी उबदार हवाही त्यात कामी आणण्यात आली. आजवर जी वाया जात होती ती उष्णता आता रहिवाशांच्या घरी जाते.

ही तिन्ही उदाहरणे देशाने व काळाने भिन्न असली, तरी त्यांत एक समान सूत्र आहे. तिन्ही ठिकाणी नगरपालिकेने उष्णता प्रथम सार्वजनिक संस्थांना व सार्वजनिक वसाहतींना दिली. संपूर्ण शहराचा विचार पहिल्याच दिवशी कोणी केला नाही.

ग्वाल्हेरपाशी काय आहे?

ग्वाल्हेरला ना गरम पाण्याचे झरे आहेत, ना भुयारी रेल्वे. परंतु मुरारच्या बाजूस लालटिपारा येथे महानगरपालिकेची एक मोठी गोशाळा आहे. रस्त्यांवर सोडून दिलेली जनावरे तेथे आणली जातात व त्यांची संख्या दहा हजारांच्या आसपास आहे. एका जनावराचे दिवसाचे शेण सरासरी दहा किलो धरले, तरी रोज शंभर टन शेण एकाच जागी जमा होते. कोणत्याही नगरपालिकेस ही अडचण वाटावी. परंतु अडचण आणि संपत्ती यांत पुष्कळदा केवळ योजनेचे अंतर असते.

या शेणापासून वायू निर्माण करण्याचा प्रकल्प इंडियन ऑइल कॉर्पोरेशनच्या सहकार्याने तेथे उभारण्यात आला असून २ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. सुमारे ३१ कोटी रुपये खर्चाचा हा प्रकल्प पाच एकरांवर आहे. रोज शंभर टन शेणावर प्रक्रिया करून दोन ते तीन टन शुद्ध व संपीडित वायू आणि दहा ते पंधरा टन कोरडे सेंद्रिय खत मिळावे, अशी त्याची योजना आहे. भाजीमंडईतील व घरांतील ओला कचराही यात वापरता येतो.

गोबरगॅसची क्रिया आपल्या शेतकऱ्यांस परिचित आहे. हवाबंद टाकीत शेण कुजू लागले की सूक्ष्म जीवाणूंमुळे वायू तयार होतो. त्यात निम्म्याहून अधिक मिथेन असतो. उरलेला भाग मुख्यतः कार्बन डायॉक्साइडचा असतो. तो काढून टाकला व मिथेनचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर नेले की तो नैसर्गिक वायूच्या तोडीचा होतो. त्याच्या ज्वलनातून निघणारा कर्बवायू हा जनावरांनी खाल्लेल्या चाऱ्यातून, म्हणजे हवेतूनच आलेला असतो. त्यामुळे वातावरणातील कर्बाच्या एकूण साठ्यात त्याने भर पडत नाही. मात्र एक सावधगिरी अवश्य बाळगावी लागते. न जळता गळून गेलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायॉक्साइडच्या २५ पटींहून अधिक उष्णता रोखून धरतो. म्हणून गळती रोखणे ही केवळ सुरक्षिततेची नव्हे, तर संपूर्ण योजनेच्या उपयुक्ततेची अट आहे.

हिशेब मांडून पाहू

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा वायू किती जणांस ऊब देऊ शकेल? उत्साहाच्या भरात उत्तर देण्याऐवजी पाटी-पेन्सिल घेतलेली बरी.

एका माणसास स्नानासाठी वीस लिटर कोमट पाणी लागते असे धरू. हिवाळ्यात नळाचे पाणी १२ अंश असेल व ते ४० अंशांपर्यंत तापवावयाचे असेल, तर २८ अंशांची वाढ हवी. वीस लिटरांस २८ ने गुणले की ५६० किलोकॅलरी होतात. एक किलो शुद्ध वायूपासून सुमारे ११,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते. बॉयलर व नळ यांतील घट वजा जाता त्यांपैकी ८,००० किलोकॅलरी प्रत्यक्ष पाण्यास मिळतात असे मानू.

प्रथम संपूर्ण शहराचा विचार करू. दहा लाख माणसांच्या एका वेळच्या स्नानास ५६ कोटी किलोकॅलरी, म्हणजे रोज ७० टन वायू लागेल. लालटिपाऱ्याचे उत्पादन दोन टन धरले, तर अशा पस्तीस गोशाळा हव्यात. म्हणजे सर्व शहरास गोबरगॅसवर ऊब देण्याची भाषा हे दिवास्वप्न ठरेल. याच दोन टन वायूवर रोज सुमारे दीडशे घरगुती सिलिंडरांइतके काम होईल. शहराच्या गरजेच्या मानाने तेही अल्पच.

आता दुसरा हिशेब पाहू. ग्वाल्हेर येथील जयारोग्य रुग्णालय-समूहात एक हजार खाटांची नवी इमारत बांधण्यात आलेली आहे. चंबळ खोऱ्यातून व आजूबाजूच्या जिल्ह्यांतून तेथे रुग्ण येतात. एक हजार रुग्ण व प्रत्येकाबरोबर एक नातेवाईक अशी दोन हजार माणसे धरली, तर त्यांच्या रोजच्या गरम पाण्यास ११ लाख २० हजार किलोकॅलरी, म्हणजे केवळ १४० किलो वायू पुरेल. दोन टनांतील १४० किलो म्हणजे शेकडा सात.

या दोन आकड्यांतच या विषयाचे सार आले. तोच वायू शहरभर वाटला तर कोणाच्याच हाती काही लागत नाही; एका रुग्णालयास दिला, तर तेथील प्रत्येक बाळंतिणीस, प्रत्येक वृद्ध रुग्णास व त्याच्या उशाशी बसलेल्या माणसास रोज गरम पाणी मिळते आणि तरीही शेकडा ९३ भाग वायू वाहनांसाठी व विक्रीसाठी शिल्लक राहतो. फ्रेडरिक्सबर्गच्या नगरपालिकेने १९०३ मध्ये रुग्णालयापासूनच प्रारंभ का केला, याचे उत्तरही याच हिशेबात आहे. उष्णता-पुरवठा जेथे गरज दाट व अखंड असते तेथेच परवडतो. चोवीस तास चालणारे रुग्णालय, वसतिगृह, रात्रनिवारा, कारागृह, सार्वजनिक स्नानगृह या त्या जागा होत.

योजना कशी असावी?

अशी योजना ग्वाल्हेर येथे आज अस्तित्वात नाही. परंतु ती आखावयाची झाल्यास कोणत्या बाबींचा विचार करावा लागेल, हे पाहणे इतर नगरपालिकांसही उपयुक्त ठरेल.

पहिली बाब अंतराची. लालटिपारा मुरारच्या बाजूस, तर जयारोग्य रुग्णालय लष्करात आहे. एवढ्या अंतरावर गरम पाणी नळाने नेणे खर्चाचे होईल व वाटेत उष्णताही वाया जाईल. वायू मात्र लांबवर नेला तरी थंड होत नाही. म्हणून वायू शहरातून न्यावा व पाणी रुग्णालयाच्या आवारातच तापवावे, हे श्रेयस्कर. गरम पाण्याचे नळ इमारतीपासून इमारतीपर्यंत, काहीशे मीटरच असावेत. वायू नेण्यासाठी दोन मार्ग आहेत. सिलिंडरांचे संच वाहनावर लादून नेणे हा एक. दुसरा मार्ग शहरातील नळवायूच्या जाळ्याचा. ग्वाल्हेरमध्ये अवंतिका गॅस ही कंपनी नळाने नैसर्गिक वायू पुरविते. केंद्र शासनाने अशा जाळ्यांतील वायूत जैववायूचे प्रमाण २०२५-२६ पासून १ टक्का व २०२८-२९ पासून ५ टक्के ठेवण्याचे धोरण जाहीर केलेले आहे. त्यामुळे गोशाळेचा वायू एका टोकास जाळ्यात सोडावा आणि तेवढाच वायू दुसऱ्या टोकास रुग्णालयाने घ्यावा, हेही शक्य कोटीतील आहे.

दुसरी बाब ऋतूची, आणि ती विशेष महत्त्वाची आहे. शेण कुजविणारे जीवाणू ३५ अंशांच्या आसपास जोमाने काम करतात. थंडीत ते मंदावतात. गोबरगॅसचे संयंत्र असलेल्या प्रत्येक शेतकऱ्यास हा अनुभव आहे. म्हणजे उष्णतेची मागणी सर्वाधिक असते त्याच दिवसांत वायूचे उत्पादन घटण्याचा संभव असतो. म्हणून टाक्यांना उष्णतारोधक आवरण घालणे, शेण कालविण्यास सौरतापकावरील कोमट पाणी वापरणे व प्रसंगी काही वायू टाकी उबदार ठेवण्यासाठी खर्ची घालणे आवश्यक ठरते. उत्पादन निम्म्यावर आले, तरी रुग्णालयाचा वाटा शेकडा १४ हून अधिक होत नाही. गरज मर्यादित ठेवल्याचा हाही एक लाभ होय.

तिसरी बाब सूर्याची. दोन चौरस मीटर सौरतापकावर स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे शंभर लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापते. या प्रमाणाने वरील दोन हजार माणसांसाठी अदमासे ५०० चौरस मीटर तापक लागतील. मोठ्या रुग्णालयाच्या गच्चीवर ते मावू शकतात. ऊन असेल तेव्हा सूर्य व धुके असेल तेव्हा गोबरगॅस, अशी जोडी जमविली तर वायूची आणखी बचत होईल. साठवलेले पाणी ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. कोमट साठ्यात रोगजंतू वाढतात, आणि रुग्णालयात तर याकडे दुर्लक्ष मुळीच चालणार नाही. वापराच्या ठिकाणी त्यात थंड पाणी मिसळावे.

चौथी बाब कच्च्या मालाची. शहरी कचऱ्यापासून वायू निर्माण करण्याचे काही प्रयत्न आपल्या देशात फसले, ते यंत्रापेक्षा कचऱ्यामुळे. लखनौ येथे सुमारे वीस वर्षांपूर्वी उभारलेला मोठा प्रकल्प मिश्र कचऱ्यामुळे चालू शकला नाही. माती, काच व प्लॅस्टिक टाकीत गेले की जीवाणू उपाशी राहतात व यंत्र अडते. गोशाळेचे शेण या बाबतीत अधिक विश्वासार्ह आहे. मात्र जनावरांचे पोट भरले तरच टाकीचे पोट भरेल. चारा, पाणी, निवारा व पशुवैद्यक यांत काटकसर करून वायूची अपेक्षा धरणे हे विहीर न खणता मोट जुंपण्यासारखे होय.

पाचवी बाब हिशेबाची. डेन्मार्कमध्ये १९७३ च्या तेलटंचाईने मोठा हाहाकार उडाला. कारण त्या देशाची ऊर्जेची बहुतेक गरज परदेशी तेलावर भागत होती. १९७९ मध्ये तेथे उष्णता-पुरवठ्याचा कायदा झाला व उष्णतेचा आराखडा तयार करण्याची जबाबदारी नगरपालिकांवर टाकण्यात आली. नफा मिळवावयाचा नाही व तोटाही सोसावयाचा नाही. येणारा खर्च तेवढाच ग्राहकांकडून घ्यावयाचा, असे तत्त्व तेथे पाळले जाते. आज त्या देशातील सुमारे दोन तृतीयांश घरे या जाळ्यावर आहेत. आपल्याकडेही उष्णता-पुरवठ्याचा जमाखर्च स्वतंत्र ठेवला पाहिजे. लाकडांवर, डिझेलवर व विजेच्या तापकांवर आज होणारा खर्च एका स्तंभात व नव्या व्यवस्थेचा खर्च दुसऱ्या स्तंभात मांडला, तर निर्णय भावनेवर अवलंबून राहणार नाही.

आपल्या राज्याने काय घ्यावे?

संस्थेने स्वतःच्या टाकाऊ वस्तूपासून स्वतःचे इंधन निर्माण करावे, ही कल्पना महाराष्ट्रास नवीन नाही. मुंबईचे तत्कालीन महापालिका आयुक्त एच. ए. अॅकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये माटुंगा येथे निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रम सुरू झाला. त्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून वायू तयार करून त्यावर दिवे लावण्यात आले. भारतातील या प्रकारच्या आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते. समाजाने दूर लोटलेल्या माणसांच्या वस्तीत हा प्रयोग झाला, हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी व देहू येथे डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालय व वायुसंयंत्र यांची सांगड घालण्याच्या कामी आयुष्य वेचले. डॉ. मापुसकर यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

उष्णता एका ठिकाणी निर्माण करून अनेकांच्या उपयोगी आणण्याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. शिर्डी येथील साई संस्थानच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ परावर्तक तबकड्यांची सौर-वाफ योजना उभारण्यात आली. गच्चीवर सूर्याच्या उष्णतेने वाफ तयार करावयाची व ती खालच्या स्वयंपाकघरात हजारो भाविकांच्या भोजनासाठी न्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. नळ आखूड, गरज दाट व मालकी एका संस्थेची, या तिन्ही अटी तेथे जुळून आलेल्या दिसतात.

महाराष्ट्रात घरे उबदार ठेवण्याची गरज क्वचितच पडते. गरम पाण्याची व वाफेची गरज मात्र बारमाही आहे. जिल्हा रुग्णालयातील प्रसूतिकक्ष व धुलाईगृह, आदिवासी आश्रमशाळा, विद्यार्थी वसतिगृहे, दूध-संघांची शीतकेंद्रे, यात्रास्थळांची अन्नछत्रे या सर्व ठिकाणी रोज पाणी तापते. नंदुरबार, धुळे, नाशिक व विदर्भातील जिल्ह्यांत हिवाळ्याच्या पहाटे आश्रमशाळेतील मुलास थंड पाण्याने अंघोळ करावी लागू नये, ही गोष्ट दिसावयास लहान असली तरी त्या मुलाच्या दृष्टीने लहान नाही.

यासाठी कोणत्याही नगरपालिकेस पुढील क्रमाने काम हाती घेता येईल :

१. आपल्या हद्दीत रोज गरम पाणी वा वाफ लागते अशा सार्वजनिक इमारतींची यादी करावी. प्रत्येक ठिकाणी किती पाणी, किती अंशांचे व कोणत्या वेळी लागते, याची नोंद घ्यावी. ही एक प्रकारची उष्णता-गणनाच होय.

२. वाया जाणारी उष्णता व कुजणारे पदार्थ कोठे आहेत, हे नकाशावर दाखवावे. गोशाळा, मंडई, मैलाशुद्धी केंद्र, साखर कारखाना, बर्फाचा कारखाना, यांपैकी काही ना काही बहुतेक गावांत सापडते.

३. ज्या ठिकाणी गरज व साधन एकमेकांच्या जवळ आहेत, अशी एकच जागा निवडावी. एका वेळी अनेक ठिकाणी हात घालू नये.

४. मोजमापाची साधने पहिल्याच दिवशी बसवावीत. जे मोजले नाही त्याची बचत सिद्ध करता येत नाही.

५. निगा राखणारी माणसे आधी शिकवावीत व यंत्र नंतर आणावे. दाबाखालील वायू व गरम पाणी यांच्या बाबतीत निष्काळजीपणास क्षमा नाही.

६. दोन हिवाळे नीट पार पडल्यावरच शेजारची दुसरी इमारत जोडावी.

ग्वाल्हेरसंबंधी आणखी एक गोष्ट नमूद करणे इष्ट होईल. त्या शहरास हिवाळ्याइतकाच, किंबहुना अधिक त्रास उन्हाळ्याचा होतो. गुजरातमधील गिफ्ट सिटी येथे एका केंद्रात पाणी थंड करून नळांनी अनेक इमारतींना पुरविण्याची व्यवस्था चालू आहे. रुग्णालयाच्या आवारात नळ टाकतानाच पुढे उन्हाळ्यात थंड पाणी खेळविण्याची सोय विचारात घेतली, तर एकाच खोदकामात दोन ऋतूंची सेवा होऊ शकेल. तथापि त्यासाठी इमारतीच्या आतील योजना वेगळी लागते. म्हणून हा विचार आराखड्याच्या वेळीच व्हावयास हवा.

शहरात पाणी आणावयाचे तर प्रत्येक घरी विहीर खणून भागत नाही, हे ग्वाल्हेरने तिघरा जलाशय बांधला तेव्हाच ओळखले होते. १९१७ मध्ये त्या धरणास मोठी हानी पोचली. तरीही ते पुन्हा उभे करण्यात आले व आजही शहराचे पाणी मुख्यतः तेथूनच येते. सार्वजनिक सेवेची कल्पना अशी हळूहळू रुजते व विस्तारते. प्रथम पाणी आले, मग दिवे आले, मग मलनिस्सारण आले. यानंतर ऊब येणार असेल, तर तिने आपली पहिली खेप थेट रुग्णालयाच्या दारी टाकावी. कारण पहाटे चारच्या थंडीत नवजात बाळास पुसण्यासाठी गरम पाणी हवे असते, तेव्हा लाकडे कोणी आणावयाची हा प्रश्न तेथील आयेपुढे उभा राहता कामा नये.